पहिली वाटी

मोहटोला, व्हाया आसगाव
९ ऑक्टोबर १९७९

प्रिय रुखमिणी,

तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. ती नोंदवून घेतल्याशिवाय मी क्षेमकुशल विचारणार नाही. सहा वर्षांपूर्वी गाव सोडताना तू माझ्या दारात एक शेळी बांधून गेलीस. "दोन महिने सांभाळ," म्हणालीस. त्या शेळीची नात काल माझ्या टेबलावर चढली आणि नववीच्या पोरींसाठी रविवारभर खपून लिहिलेला विभक्तीचा तक्ता तिने खाल्ला. खाण्यात शिस्त होती हे मान्य करायला हवं. प्रथमेपासून सुरुवात केली, सप्तमीपर्यंत पोचली आणि संबोधन तेवढं थुंकून टाकलं. तेव्हा माझ्याकडे आता फक्त हाक मारण्याची सोय उरली आहे. म्हणून हे पत्र.

आधीच्या पत्रांचं काय झालं ते विचारत नाही. आपला पोस्टमन खुशाल म्हणतो, "पत्ता बराबर आहे बाई, मानूसच बराबर नसन." मी म्हटलं, माणूस बरोबर आहे बाबा, पत्ता चुकला आहे. ती तिथे असायला नको होती.

पाऊस श्रावणात गेला तो आलाच नाही. धानाच्या पोटात दाणा धरायची वेळ आणि शेतातल्या बांध्यांना भेगा. लोंब्या उभ्या आहेत, त्यात फोलपट. बोडीचं तळं आटलं, तरी तिच्या तळाशी म्हशी अजून जाऊन बसतात. पाण्यासाठी नव्हे, सवयीने. गावातली तरणी माणसं रोज सकाळी पारावर जमून आभाळाकडे बघतात आणि मग एकमेकांकडे बघतात. दुसरं बघणं मला जास्त वाईट वाटतं.

तुझं महिला मंडळ जागं झालं आहे. चंद्रभागाबाई आता अध्यक्ष. त्यांनी मंडळाची खोली सारवली, जुन्या चुलींतली राख काढली, आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोला हार घालायला निघाल्या. मी धावत जाऊन थांबवलं. म्हटलं, बाई जिवंत आहे, नागपुरात असली म्हणून काय झालं! तेव्हा हार काढून त्यांनी फोटोला नुसते हात जोडले. तुला देव करायला आता फारसं काही बाकी नाही.

बहात्तरच्या दुष्काळासारखी सगळ्या गावासाठी मंडळाची एक चूल पेटवायची, असं बोलणं सुरू आहे.

परसराम बरा आहे. माझ्या भावाच्या बाबतीत 'बरा' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. जुन्या काठ्या झिजल्या, त्याने स्वतःच बोरीच्या लाकडाच्या नव्या तासल्या. एक जरा आखूड झाली. म्हणतो, "आता पायाले शोभते."

तुझी
लीला

•

मोहटोला
२ डिसेंबर १९७९

प्रिय रुखमिणी,

चूल पेटणार हे नक्की झालं. आणि चुलीवर काय चढणार तेही.

नागपुरात तुरीचं वरण खाऊन विसरली असशील म्हणून सांगते. लाखोरी म्हणजे धान उभं असताना बांधीत फेकायची आणि विसरून जायची ती डाळ. नांगर नको, पाऊस नको, ती आपली येते. इतक्या गुणी वस्तूत काहीतरी खोट असणारच, माणसांतही असते. सरकारने ती विकायला बंदी केली आहे. तुझे दीर पुंडलिकराव कायदा पाळणारे गृहस्थ, ते विकत नाहीत. बैलांना घालतात आणि उरते ती दानपुण्याला लावतात. मंडळाला त्यांनी पोती देऊ केली आहेत. मागच्या वेळी तुझ्या शब्दावर दिली होती, तशीच.

मी सभेत उभी राहिले. मला वाटतं माझा शाळेतला आवाज लागला, तिथेच चुकलं. म्हटलं, डाळ वापरा, पण भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेका, पुन्हा नवं पाणी घालून उकळा, तेही फेका. मग डाळीतला दोष बराचसा निघून जातो. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आहे.

चंद्रभागाबाईंनी कपाळाला हात लावला. "डाळीचं पानी फेकाचं? अवो मास्तरीणबाई, पानी त डाळीचा जीव होय! लेकराले आपन आधी वरचं पानी देतो. अन बोडी आटली, विहीर गाळ देऊन राहिली, तुमी मनता पानी फेका, अन आनखी फेका!"

कुणीतरी मागून म्हणालं, "शाळेच्या नळाचं आनून देतीन त्या." सगळ्या हसल्या. शाळेला नळ नाही, हे त्यात जास्त हसण्यासारखं.

"मग आमच्या पोरांचे पाय कशाने गेले?" मी विचारलं.

"चिखलात उभं राहून. वारा लागला."

"चिखलात सगळं गाव उभं असतं. गेले ते आमच्याच वस्तीतल्यांचे का?"

"मंग आमी नाई का खाल्लं? तेच खाल्लं, एका पातेल्यातलं."

"तुम्ही एक वेळ खाल्लं. संध्याकाळी तुमच्या घरी थोडा का होईना भात होता. आमच्याकडे दोन्ही वेळ तेच होतं."

मला वाटलं, पोचलं. आणि मग उत्तर कुठून आलं म्हणतेस? आमच्याच वस्तीतून. कौशल्याबाई उठली, जिच्या धाकट्या दिराचे पाय गेले ती.

"लीलाबाई, तुमी तवा पवनीच्या शाळेवर होते. आमी येथं होतो. पाटलीणबाईनं आमाले मांडीले मांडी लावून बसवलं. छप्पन साली आमी धम्म घेतला, तरी गावात आमची पंगत अलगच होती. तिनं एक केली. अन तुमी मनून राहिले का तिनं आमाले जहर चारलं?"

मी म्हणाले, रुखमिणीला माहीत नव्हतं. पण इतकं बारीक वाक्य त्या खोलीत कुणाला ऐकू गेलं नाही.

हे असं झालं आहे, रुखमिणी. डाळीला नाव ठेवलं की तुझं नाव जातं. आणि तुझं नाव जाऊ द्यायला इथे कुणी तयार नाही, ना कुणब्यांच्या घरी, ना आमच्या वस्तीत. या एका बाबतीत गावात अभूतपूर्व ऐक्य आहे.

त्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी परसरामच्या पायांना हात लावायच्या आधी विचारलं होतं, "काय खाता?" लाखोरीनेच पाय गेले, हे त्यांचं म्हणणं मी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू सुपात तांदूळ निवडत होतीस. तू सगळे तांदूळ निवडून संपवलेस. पुढच्या आठवड्यात भावाची तब्येत बरी नाही म्हणून नागपूरला गेलीस. भाऊ अजून ठणठणीत आहेत, असं पुंडलिकरावांकडून कळतं. आनंद आहे. पण जाताना तू गावाला काही सांगितलं नाहीस. गावाच्या मते तू सेवा करून थकलीस.

माझं सांगून झालं. परसरामची बहीण म्हणून माझं बोलणं रागाचं ठरतं, आणि मास्तरीण म्हणून पोथीतलं. तू येऊन सांगितलंस तरच ऐकतील. दोन वाक्यं पुरतील.

तुझी
लीला

•

मोहटोला
१० जानेवारी १९८०

प्रिय रुखमिणी,

निवडणुकीच्या जीपा येऊन गेल्या. भोंग्यातून सगळ्यांनी पाणी देण्याचं कबूल केलं, आणि प्रत्येक ड्रायव्हरने जाताना आपल्याच विहिरीतून रेडिएटरसाठी बादली मागितली.

बोडी खोल करायचं सरकारी काम सुरू झालं आहे. माती वाहणाऱ्यांना दुपारी आणि संध्याकाळी मंडळाचं जेवण. घट्ट वरण, कण्यांचा भात मूठभर, असला तर. शिजवते कोण? पंचफुला. आमची पंचफुला, परसरामची बायको. तू गेलीस तेव्हा ती नुकती कुठे पदर सावरायला शिकली होती. त्याचे पाय गेले त्या उन्हाळ्यात तिचा बाप गाडी घेऊन तिला न्यायला आला होता. तिने बापाला जेवू घातलं, बैलांना पाणी पाजलं, आणि गाडी रिकामी परत पाठवली. का राहिलीस, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गाडीत बसाले जागा नोती, बाप लय मोठा होता." यापलीकडे या विषयावर ती कधी बोललेली नाही.

तुझा नियम अजून पाळतात. तुला आठवतं ना तो कसा झाला? पहिल्या दिवशी माझ्या आईने शिजवलं होतं आणि कुणब्यांच्या बाया तोंडाला पदर लावून लांब उभ्या होत्या. भूक होती, पण पाऊल उठत नव्हतं. तू पुढे आलीस, पातेल्यातलं वरचं पाणी एका वाटीत आईला दिलंस, एका वाटीत स्वतः घेतलंस, आणि दोघी समोरासमोर बसून प्यालात. मग पंगत बसली. तेव्हापासून जी शिजवते तिने आणि दुसऱ्या वस्तीतल्या एका बाईने आधी ती पहिली वाटी प्यायची, त्याशिवाय कुणी घासाला हात लावायचा नाही. मी पवनीहून रविवारी आले की आई मला ही गोष्ट दर वेळी नव्याने सांगायची. मरेपर्यंत सांगत होती. तिच्या आयुष्यात तिला कुणी काही दिलं असेल तर ती वाटी.

आता समोरची बाई रोज बदलते. कधी चंद्रभागाबाई, कधी त्यांची सून. पण शिजवणारी एकच. दुपारी एक वाटी, संध्याकाळी एक. डाळीच्या वरचं, पहिलं, जे फेकायचं ते पाणी.

मी तिला म्हटलं, माझा पगार आहे, घरी तुरीची डाळ आहे, तू घरी जेव. शिजवायला जा हवं तर, पण ती वाटी पिऊ नकोस.

"मी शिजवीन अन मीच नाई पेन? लोकं काय मनतीन?"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

"बाई, तुमाले शाळा आहे. तुमी येता त पोरी उभ्या राह्यतात." ती चुलीतलं लाकूड मागे ओढत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. "घरी मी लंगड्याची बायको. तेथं मले पंचफुलाबाई मनतात. चंद्रभागाबाईची सून माझ्या समोर बसते, माझ्या हातची वाटी पेते. मी कायले सोडू?"

मी घरी येऊन हे पत्र लिहायला बसले.

ये.

लीला

•

मोहटोला
२९ जानेवारी १९८०

रुखमिणी,

तुझं कार्ड मिळालं. खुशालने अर्थातच वाचलं होतं. देताना म्हणाला, "नाई येत मनते जी." सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून 'ल' ला शेपटी देतेस.

तू लिहितेस, मी आता कुणाच्या उपयोगाची नाही. भावाच्या मुलांचं करते, संध्याकाळी नाम घेते, मला बोलावू नकोस.

तुझ्या भावाच्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. नामाबद्दलही नाही, आम्हीही बुद्धाची शरणं म्हणतोच. पण उपयोगाची नाही हे तू कसं ठरवलंस? तू विधवा झालीस तेव्हाही हेच म्हणाली होतीस. माजघरातल्या खांबाला टेकून बसली होतीस, आणि मी पुस्तकं मागायला आले होते. पाटलाच्या घरी पुस्तकं मागायला आलेली आमच्या वस्तीतली मी पहिली. तू विचारलंस, काय शिकतेस? मी म्हटलं, संस्कृत. तू हसलीस. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा हसलीस, असं तुझी सासू म्हणाली होती. माझे कॉलेजातले शास्त्रीबुवा वर्गात माझ्याकडे पाहत नसत, खिडकीकडे पाहून मला शिकवत. खिडकीला संस्कृतात गती असती तर ती आज एम.ए. असती. हे ऐकून तू आणखी हसलीस. मग दोघींनी मिळून मंडळ काढलं. मला कुणाला तरी दाखवून द्यायचं होतं, तुला कुणाच्या तरी कामी यायचं होतं. दोन्ही कारणं फार थोर नव्हती, पण त्यांवर काम चाललं.

तुझ्यावर रागावून एक गोष्ट लिहिते, मग पुन्हा लिहिणार नाही. सेवा करणाऱ्याची एक सोय असते. चूक झाली तर त्याला हेतू दाखवता येतो. हेतू शुद्ध होता हे मला मान्य आहे, सर्वांना मान्य आहे. पण परसरामला हेतूवर चालता येत नाही. आणि तुझी लाज तू नागपुरात जपून ठेवली आहेस, ती इथे कुणाच्या कामाची नाही. इथे आणलीस तर तिचा उपयोग आहे.

हे पत्र मी परसरामला वाचून दाखवलं. तो म्हणाला, एवढं कडू नको लिहू. त्याचा निरोप त्याच्याच शब्दांत देते: "तिले माझा जयभीम सांग. मन, पाय गेले खरं, पन त्या साली आमी जगलो बी तिच्याच चुलीवर. दोन्ही सांग. एकच नको सांगू."

दोन्ही सांगते आहे.

लीला

•

मोहटोला
१२ फेब्रुवारी १९८०

प्रिय रुखमिणी,

येतेस! खुशालने कार्ड आणलं ते हातात उंच धरून, गावभर ओरडत. त्यामुळे गुप्तता हा मुद्दा आता राहिला नाही. चंद्रभागाबाईंनी खोली पुन्हा सारवायला घेतली आहे. फोटो काढून पुसला. प्रत्यक्ष मूर्ती येणार म्हटल्यावर तसबिरीची पंचाईत झाली आहे.

पवनीहून दुपारची एसटी आसगावला येते. मी फाट्यावर उभी राहीन. ओळखण्याची खूण: चष्मा आणि वाईट स्वभाव.

तू फार बोलायचं नाहीस. एवढंच, की ही डाळ मी तुम्हाला खाऊ घातली, हिनेच पाय गेले, मला नंतर कळलं, मी सांगितलं नाही. आणि मग स्वतःच्या हाताने पातेलं तिरकं करून पाणी ओतायचं. एकदा त्यांनी तुला ते ओतताना पाहिलं की उद्यापासून तोच नियम होईल. इथे तू केलेल्या गोष्टीचा नियमच होतो. पाण्याची सोय मी केली आहे. आमच्या शाळेच्या पोरी विहिरीवरून एकेक कळशी आणून ठेवतील.

रडलीस तरी चालेल. पण आधी ओत.

तुझी
लीला

•

मोहटोला
२५ फेब्रुवारी १९८०

रुखमिणी,

तू बहुतेक वेळ मान खाली घालून होतीस. म्हणून तुला न दिसलेलं सांगते.

तू खोलीत पाय ठेवलास तेव्हा बाया उठून उभ्या राहिल्या. कौशल्याबाईने तुझ्या पायावर डोकं ठेवलं आणि तू तिला उठवायला वाकलीस, तेव्हा तिचा दीर दाराशी बसूनच पुढे सरकला, त्याला उभं राहून येता येत नव्हतं. तू त्याच्याकडे पाहिलंस हे मी पाहिलं. तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं आता तू बोलशील. तू तोंड उघडलं होतंस. "मी तुम्हाला एक सांगायला आले आहे," एवढं तू म्हणालीस. नक्की म्हणालीस, मी शेजारी होते.

आणि पंचफुला वाट्या घेऊन आली.

मी सगळं ठरवलं होतं. एसटी, कळशा, वाक्यं. वाटीचं मी ठरवलं नव्हतं. पंचफुला सकाळपासून नवं लुगडं नेसून तयार होती. समोरची जागा तिने कुणालाही दिली नाही. चंद्रभागाबाईंना म्हणाली, "आज तुमी उठा जी, आज पाटलीणबाई." तुझ्यापुढे बसली, स्वतःची वाटी डाव्या बाजूला ठेवली, तुझी दोन्ही हातांनी पुढे केली. तिच्या सासूने शिजवलेलं तू प्यायलीस, ती गोष्ट या घरात तिने इतक्या वेळा ऐकली आहे. आता तिची पाळी होती.

आमच्या वस्तीतल्या बाया एका बाजूला, कुणब्यांच्या दुसऱ्या बाजूला. उभ्या राहिल्या की त्या अजूनही तशाच विभागतात, बसल्यावरच एक होतात. तू वाटीकडे पाहत राहिलीस. फार वेळ नव्हे. पण तेवढ्यात चंद्रभागाबाईंच्या सुनेने शेजारणीच्या कानात जे म्हटलं ते मला ऐकू आलं: "इतके वर्स नागपूरले बामनाइच्या आळीत राह्यली ना. आता नाई पेनार ती."

आणि कौशल्याबाईचा चेहरा उतरला.

तुलाही ते ऐकू आलं. म्हणून तू ती घेतलीस आणि प्यालीस. तळापर्यंत. समोर पंचफुलाने तिची प्याली. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. पंगत बसली. तू पंगतीत बसलीस आणि वाढलेलं सगळं खाल्लंस. शाळेच्या पोरींनी आणलेलं पाणी नंतर हात धुवायला वापरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तू गेलीस. मी फाट्यापर्यंत आले. तेव्हा तुझ्यावर माझा इतका राग होता की शेळीलाही मी शिव्या दिल्या, अलंकारयुक्त. आता राग नाही. मी त्या जागी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मी रोज वर्गात फळा पुसताना स्वतःला विचारते. वाटी नाकारली असती तर बायांनी तुझं पुढचं एकही वाक्य ऐकलं नसतं. त्यांना एवढंच कळलं असतं, की पाटलीण शेवटी पाटलीण. पंचफुला त्या खोलीत परत गेली नसती. प्यालीस, तर तुला सांगायला काही उरलं नाही. मला तिसरा मार्ग सापडलेला नाही. शास्त्रीबुवांनी शिकवलेल्यात तो नव्हता. त्यांनी कुणाच्या हातची वाटी घेतलीच नसती, त्यामुळे त्यांना प्रश्न पडला नसता.

लीला

•

मोहटोला
१९ मार्च १९८०

प्रिय रुखमिणी,

ऊन चढलं आहे. शाळा सकाळची झाली. नवीन लाखोरी निघाली. यंदा धान नाही, पण ती भरपूर आहे, पुंडलिकरावांनी आणखी पोती मंडळात टाकली. आभाराचा ठराव झाला. मी विरोधात हात वर केला, तो अनुमोदन म्हणून धरला गेला.

तू येऊन गेल्याचा परिणाम काय झाला ते तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. तुझ्या येण्याआधी मी घरोघर फिरून काही बायांना पटवलं होतं. त्या निदान घरच्या डाळीचं पाणी ओतून टाकत होत्या, एकदा तरी. आता ओतत नाहीत. "पाटलीणबाई खुद पेली, मंग काय?" खरंच प्यालीस.

हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. लागलं असेल तेवढं पुरे आहे.

कामावरच्या दोन पोरांच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले आहेत. ते बसून पाय चोळतात आणि मुकादम त्यांना आळशी म्हणतो. मी आसगावच्या दवाखान्यात जाऊन सांगितलं. तिथले डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, वर लिहितो म्हणाले, आणि विचारलं, जेवण बंद केलं तर दुसरं काय देता येईल? मी म्हटलं, तेच मी तुम्हाला विचारायला आले. मग त्यांनी मला चहा दिला.

इथवर मी बऱ्याच गोष्टी लिहिल्या. गावाचं लिहिलं, मंडळाचं, सेवेचं, तुझं. शेळीचंही लिहिणार होते, ती आता गाभण आहे. पण हे पत्र मी त्यासाठी लिहायला घेतलेलं नाही.

पंचफुला चार दिवस झाले, बसली की लवकर उठत नाही. आधी एक हात जमिनीला लावते, मग दुसरा, मग जणू काही शोधत होती असं दाखवून उठते. परवा तिच्या पोटरीला मी हात लावला, ती दगडासारखी होती. तिने पाय ओढून घेतला. "चुलीपाशी बसून बसून मुंग्या आल्या बाई," म्हणाली. नागपूरच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं की बायांना हे कमी होतं. कमी होतं, होत नाही असं ते म्हणाले नव्हते. मी तिला घरी राहा म्हटलं, हातापाया पडले, एकदा ओरडलेही. ती ऐकून घेते आणि दुपारी मंडळात जाते. परसरामला अजून कळलेलं नाही. की कळलं आहे आणि तो बोलत नाही, हे मला ठरवता येत नाही. तिच्या येण्याच्या वेळी तो दाराकडे पाहत असतो, आणि तिच्या तोंडाकडे पाहत नाही, पायांकडे पाहतो.

परसरामच्या वेळी माझ्याजवळ राग होता. त्यावर मी इतकी वर्षं काढली, आणि चेष्टा करत काढली. या वेळी राग शोधला तर सापडत नाही. नुसती भीती वाटते. तिचे पाय जात आहेत, रुखमिणी, आणि ती माझं ऐकत नाही.

लीला